रेल्वे फाटकावर पूल हवाय? पैसा कुठून येतो आणि मागणी कुठे करायची

गावच्या फाटकावर पूल मंजूर झाल्याचं कित्येक वर्षं कानावर येतं, पण काम काही दिसत नाही. रेल्वेच्या कार्यालयात गेलं तर राज्याचा हिस्सा यायचाय असं सांगतात, आणि बांधकाम खात्यात गेलं तर रेल्वेचा नकाशा यायचाय असं ऐकायला मिळतं. वाचकांचे असे प्रश्न वारंवार येतात. शिवाय खासदार निधीतून पूल होईल का, फाटक बंद करायला ग्रामपंचायत नाही म्हणू शकते का, भुयारी मार्गात पावसाळाभर पाणी साचतं त्याची जबाबदारी कोणाची, हेही विचारलं जातं. या सगळ्यांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून ती एकत्रच देतो.

मूळ गोष्ट आधी लक्षात घ्या. फाटकाच्या जागी पूल होतो तेव्हा त्यात सहसा दोन खिशांतून पैसा येतो. एक खिसा रेल्वेचा, दुसरा रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्याचा. एकाच खिशाच्या मागे लागलात तर कागद वर्षानुवर्षं हलत नाही. आणि पूल होईपर्यंत फाटक सुरक्षित करण्याचा खर्च हा तिसराच, वेगळा विषय आहे. तो बहुतांशी रेल्वेचा असतो आणि त्यासाठी पुलाची वाट पाहायची गरज नसते.

सुरुवात दोन साध्या चौकशांनी करा

पहिली चौकशी फाटकाची. प्रत्येक फाटकाला क्रमांक असतो आणि तो गेटमनच्या खोलीवर किंवा जवळच्या फलकावर लिहिलेला असतो. सोबत किलोमीटरचा आकडाही मिळतो. हे दोन्ही आणि दोन्ही बाजूंच्या स्थानकांची नावं तुमच्या प्रत्येक अर्जात पहिल्या ओळीत असू द्या. 'आमच्या गावाजवळचं फाटक' एवढंच लिहिलेला अर्ज फिरत राहतो.

अर्ज मंडल रेल्वे व्यवस्थापकाच्या कार्यालयात जातो, पण मंडल कोणतं याबद्दल आपल्याकडे मोठा गोंधळ आहे. जिल्हा आणि रेल्वेचं मंडल यांच्या सीमा जुळत नाहीत.

- मध्य रेल्वेची मुंबई, पुणे, सोलापूर, भुसावळ आणि नागपूर ही मंडलं. मिरज-कोल्हापूर पुणे मंडलात येतं, लातूर सोलापूर मंडलात.
- छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी हा भाग दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड मंडलात.
- गोंदियाचा पट्टा दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर मंडलात. म्हणजे नागपुरात दोन वेगवेगळ्या रेल्वेंची दोन मंडल कार्यालयं आहेत. पत्ता नीट पाहा.
- पालघर आणि नंदुरबारकडचा भाग पश्चिम रेल्वेकडे.
- रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातला किनाऱ्याचा मार्ग कोकण रेल्वेकडे, तर वास्को-कुळे मार्ग दक्षिण पश्चिम रेल्वेच्या हुबळी मंडलाकडे.

दुसरी चौकशी रस्त्याची, आणि बहुतेक लोक हीच विसरतात. रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे, राज्य मार्ग आहे, प्रमुख जिल्हा मार्ग आहे, जिल्हा परिषदेकडचा इतर जिल्हा मार्ग किंवा ग्रामीण मार्ग आहे, की नगरपालिकेचा? सार्वजनिक बांधकाम विभागाच्या उपविभागात किंवा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात रस्त्याचा क्रमांक मिळतो. पाणंद किंवा शिव रस्त्याला क्रमांक नसेल तर तो आधी गावाच्या नोंदींत आणि जिल्हा परिषदेच्या रस्त्यांच्या यादीत आणण्यासाठी अर्ज करा. कागदावर नसलेल्या रस्त्यासाठी राज्याचं कोणतंही खातं हिस्सा देऊ शकत नाही.

या चौकशीला कायद्याचं बळ आहे. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १९ नुसार सार्वजनिक रस्ता रुळांच्याच पातळीवरून ओलांडत असेल, तर सार्वजनिक सुरक्षेसाठी तो वरून किंवा खालून न्या, किंवा धोका कमी करणारी दुसरी कामं करा, अशी मागणी राज्य सरकार किंवा रस्ता सांभाळणारी स्थानिक संस्था रेल्वेकडे कधीही करू शकते. खर्च किंवा खर्चाचा केंद्र सरकारला योग्य वाटेल तेवढा वाटा मात्र मागणी करणाऱ्याने उचलावा लागतो. म्हणून शंभर नागरिकांच्या सह्यांचं निवेदन आणि रस्ता ताब्यात असलेल्या नगरपालिकेचा किंवा जिल्हा परिषदेचा ठराव यांत फार फरक आहे. निवेदन ही विनंती ठरते. ठरावाला या कलमाचा आधार मिळतो. तो ठराव घ्यायला लावणं हे तुमचं पहिलं काम.

टीव्हीयू: या एका आकड्यावर बरंच काही ठरतं

रेल्वेच्या कोणत्याही बैठकीत 'टीव्हीयू किती?' हा प्रश्न येणारच. चोवीस तासांत फाटकावरून जाणाऱ्या गाड्यांची संख्या गुणिले त्याच काळात रस्त्यावरून जाणाऱ्या वाहनांची एककं, म्हणजे टीव्हीयू. ट्रक, बस, मोटार, बैलगाडी यांचं प्रत्येकी एक एकक धरतात. रिक्षा आणि दुचाकी यांना पूर्ण एककापेक्षा कमी धरतात. पायी जाणारी माणसं या गुणाकारात नसतात. शाळेची मुलं रोज फाटक ओलांडून जात असतील तर तो मुद्दा अर्जात वेगळा मांडा, कारण आकड्यात ती दिसणार नाहीत.

फाटकाच्या जागी उड्डाणपूल बांधताना रेल्वे आणि राज्य यांनी निम्मा-निम्मा खर्च उचलायचा, ही वाटणी टीव्हीयू एक लाख किंवा त्याहून जास्त असेल तर लागू होते, असा निकष अनेक वर्षं चालत आला आहे. त्याखालच्या फाटकावर राज्याला पूल हवा असेल तर पूर्ण रक्कम रेल्वेकडे भरायची, त्याला ठेव काम म्हणतात. रेल्वे बोर्ड हे धोरण वेळोवेळी बदलतं आणि सुरक्षेसाठी किंवा गाड्यांचा वेग वाढवण्यासाठी काही पूल स्वतःच्या पूर्ण खर्चानेही घेतं. तेव्हा तुमचा प्रस्ताव कोणत्या परिपत्रकाखाली तपासला, हे लेखी विचारा.

वाहतुकीची गणना साधारण तीन वर्षांतून एकदा, आठवडाभर मोजणी करून, रेल्वेच्या वेगवेगळ्या शाखांचे निरीक्षक मिळून करतात. इथे तुम्हाला बरंच काही करता येतं. समजा, तुमच्या फाटकावरून मागच्या गणनेच्या वेळी ८० गाड्या आणि १,००० वाहन एककं जात होती. टीव्हीयू ८०,००० झाला आणि प्रस्ताव मागे पडला. त्यानंतर मार्गाचं दुपदरीकरण होऊन गाड्या १०० झाल्या असतील, तर रस्त्यावर एकही वाहन न वाढता आकडा एक लाखाला पोचतो. पण फाईलमध्ये जुनाच आकडा राहतो. म्हणून नव्या गणनेची मागणी लेखी करा आणि ती कधी करावी हेही सुचवा. उसाच्या पट्ट्यात गळीत हंगामात, म्हणजे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागतात तेव्हा. शाळा-कॉलेज सुरू असताना. बाजारपेठेच्या गावात आठवडी बाजाराचा दिवस धरून. मे महिन्याच्या सुट्टीतली मोजणी तुमचं नुकसान करते. मोजणीच्या वेळी ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी हजर राहिला तर नंतर वाद उरत नाही.

पैसा नेमका कुठून येतो

*रेल्वेचा हिस्सा.* रेल्वेच्या अर्थसंकल्पात फाटकांच्या कामांसाठी आणि पुलांसाठी स्वतंत्र शीर्षं आहेत: फाटकांसाठी २९, उड्डाणपूल व भुयारी पुलांसाठी ३०. प्रत्येक विभागीय रेल्वेच्या कामांची यादी दरवर्षी 'पिंक बुक'मध्ये छापली जाते आणि रेल्वेच्या संकेतस्थळावर मिळते. २०१७-१८ मध्ये पाच वर्षांत एक लाख कोटी रुपये सुरक्षेवर खर्च करण्यासाठी राष्ट्रीय रेल संरक्षा कोष उभारला गेला आणि पुढे त्याची मुदत वाढवली गेली. फाटकांची कामंही त्यात बसतात. याशिवाय पेट्रोल आणि डिझेलवरच्या उपकरातून केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधी जमतो, आणि त्यातला एक भाग फाटकं व पुलांसाठी रेल्वेकडे जातो. तुम्ही गाडीत इंधन भरता तेव्हा या पुलांसाठी पैसे देतच असता. मागणी करताना संकोच बाळगू नका.

*रस्त्याच्या बाजूचा हिस्सा.* हा रस्त्याच्या प्रकारानुसार बदलतो.

- राष्ट्रीय महामार्गासाठी केंद्राचं रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय. महामार्गांवर फाटक राहू नये यासाठी मार्च २०१६ मध्ये 'सेतू भारतम्' जाहीर झालं, त्यात २०८ पूल आणि २०,८०० कोटी रुपयांचं उद्दिष्ट होतं. तुमचा राज्य मार्ग नंतर महामार्ग झाला असेल तर पैशाचा दरवाजाच बदलला आहे. हे लक्षात न आल्याने कित्येक गावं अजून बांधकाम विभागाचेच उंबरे झिजवत आहेत.
- राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्गासाठी राज्याच्या अर्थसंकल्पातलं सार्वजनिक बांधकाम विभागाचं लेखाशीर्ष. शिवाय त्याच इंधन उपकराच्या निधीतून केंद्राची 'सेतुबंधन' योजना आहे. तिच्यात प्रस्ताव राज्याने पाठवायचा आणि मान्यता केंद्रीय मंत्रालयाने द्यायची.
- शहरातल्या रस्त्यासाठी महापालिका किंवा नगरपालिका आणि राज्याच्या नगरविकास विभागाच्या योजना.
- ग्रामीण रस्त्यासाठी जिल्हा परिषद. पण तिच्या निधीतून उड्डाणपुलाचा निम्मा वाटा उचलणं जवळपास अशक्य असतं. अशा ठिकाणी रस्त्याची दर्जोन्नती करून तो प्रमुख जिल्हा मार्ग करून घेणं, किंवा रेल्वेच्या खर्चाने होणारा भुयारी मार्ग मागणं, हे दोन व्यवहार्य मार्ग उरतात.

*महारेल.* रेल्वे मंत्रालय आणि राज्य सरकार यांची ही संयुक्त कंपनी राज्यात बरेच पूल बांधते. पूर्वी रुळांवरचा भाग रेल्वे बांधायची आणि पोचमार्ग बांधकाम खातं. एकाचं काम पूर्ण आणि दुसऱ्याचं अर्धवट, असे पूल वर्षानुवर्षं उभे राहिले. दोन्ही भाग एकाच यंत्रणेकडे दिले की हा घोळ बराच टळतो. तुमचा पूल दोन यंत्रणांत वाटलेला असेल, तर तो एकाच यंत्रणेकडे द्यावा अशी मागणी जरूर करा.

*खासदार निधी.* खासदाराला वर्षाला ५ कोटी रुपये मिळतात आणि त्यात सगळा मतदारसंघ बसवायचा असतो. त्यातून उड्डाणपूल होत नाही. फाटकापर्यंतच्या रस्त्यावर दिवे, पायवाट, गटार अशी कामं मात्र होऊ शकतात. खासदारांकडे पुलासाठी निधी मागण्यापेक्षा त्यांच्याकडून रेल्वेकडे पाठपुरावा मागा. त्यांच्या प्रश्नाला मंत्रालयाला लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर तुमच्या हातातला भक्कम कागद ठरतो.

मंजुरीच्या पायऱ्या, आणि फाईल कुठे अडते

पूल मंजूर झाल्याच्या बातमीत यांपैकी कोणतीही एक पायरी असू शकते:

1. रेल्वे आणि बांधकाम विभाग यांची संयुक्त पाहणी.
2. पुलाचा सर्वसाधारण आराखडा. बोलताना सगळे त्याला जीएडी म्हणतात. तो दोन्ही बाजूंनी मान्य व्हावा लागतो.
3. खर्चाचा वाटा उचलण्याची राज्याची संमती आणि पूल झाल्यावर फाटक बंद करू देण्याचं हमीपत्र.
4. पिंक बुकमध्ये काम येणं.
5. राज्याच्या अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत तरतूद, प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता.
6. पोचमार्गासाठी भूसंपादन, विजेचे खांब आणि पाण्याच्या वाहिन्या हलवणं.
7. निविदा, कार्यादेश, आणि रुळांवर तुळया ठेवण्यासाठी गाड्या थांबवून मिळणारा ब्लॉक.

भूमिपूजन यांतल्या कोणत्याही दोन पायऱ्यांच्या मधे होऊ शकतं, त्यावरून काही ठरवू नका.

सर्वांत जास्त फसगत चौथ्या आणि पाचव्या पायरीवर होते. पिंक बुकमध्ये कामाचं नाव असतं, अपेक्षित खर्च कोट्यवधींचा असतो, पण त्या वर्षाची तरतूद फक्त एक हजार रुपये असते. याला टोकन तरतूद म्हणतात. काम यादीत जिवंत राहावं म्हणून ती ठेवतात, त्यातून काम होत नाही. तिथले आकडे हजारांत छापलेले असतात, तेव्हा '१' दिसला तर तो एक हजार रुपये, आणि '१०,०००' म्हणजे एक कोटी. तुमच्या कामासमोरचे तीन आकडे वाचा: एकूण अपेक्षित खर्च, आतापर्यंतचा खर्च, या वर्षाची तरतूद. सलग दोन-तीन वर्षांची पिंक बुकं शेजारी ठेवलीत की काम खरंच पुढे सरकतंय का ते पाच मिनिटांत कळतं. राज्याच्या अर्थसंकल्पातही टोकन तरतूद असतेच, म्हणून तिथलाही आकडा पाहा.

जीएडी अडण्याचं कारण बहुधा पोचमार्ग असतो. रुळांवर विजेच्या तारा आहेत, त्यामुळे पूल बराच उंच जातो, आणि उंची वाढली की उतार लांबतो. गावातल्या पेठेत तो उतार बसत नाही, दुकानदार विरोध करतात, आखणी बदलायची म्हणून नकाशा परत जातो. पेठ वाचवून थोडं बाजूने नेण्याचा पर्याय गावातच आधी चर्चेने ठरला तर एखादं वर्ष सहज वाचतं.

उड्डाणपूल की भुयारी मार्ग

कमी वर्दळीच्या फाटकांवर रेल्वेचा कल कमी उंचीच्या भुयारी मार्गाकडे असतो. आपण त्याला बोगदा म्हणतो. काँक्रीटचे तयार बॉक्स रुळांखाली सरकवून तो लवकर होतो, जमीन फारशी लागत नाही, आणि बहुतेक वेळा रेल्वे पूर्ण खर्च उचलते. राज्याच्या हिश्शाची वाट पाहावी लागत नाही हा मोठा फायदा. लहान गावासाठी मी तरी हाच पर्याय आधी तपासायला सांगेन, मात्र आराखडा समजून न घेता होकार देऊ नका. राज्यातल्या कित्येक भुयारी मार्गांतून जून ते सप्टेंबर कंबरभर पाण्यामुळे जाता येत नाही, आणि रुग्णाला दवाखान्यात न्यायला दूरचा वळसा पडतो. ही चूक कागदावरच होते. एकदा बॉक्स बसला की ती दुरुस्त करणं फार महाग पडतं.

होकार देण्याआधी लेखी उत्तर मागा:

- आतली मोकळी उंची आणि रुंदी किती मीटर? उसाची भरलेली ट्रॉली, हार्वेस्टर, कडब्याची गाडी, एसटी आणि अग्निशमनाचा बंब, यांतलं काय जाईल आणि काय जाणार नाही?
- तळ आजूबाजूच्या ओढ्या-नाल्यापेक्षा वर आहे की खाली? पाणी आपोआप वाहून जाईल की उपसावं लागेल?
- उपसा असेल तर पंप कोणाचा, वीजबिल कोण भरणार, वीज गेल्यावर जनरेटर आहे का?
- शेतातलं पाणी उतारावरून आत येऊ नये म्हणून दोन्ही तोंडांना उंचवटा, आडवी जाळीची गटारं आणि वर छत आहे का?
- आत दिवे कोण लावणार आणि सांभाळणार?

पाण्याचा निचरा आराखड्यात बसत नाही असं अभियंत्याने सांगितलं, तर जागा शंभर-दोनशे मीटर सरकवून पाहा. आपल्याकडे रूळ कधी भरावावर असतात, कधी खोदलेल्या भागात. भरावाखालून जाणारा मार्ग कोरडा राहतो. गावातल्या वयस्कर शेतकऱ्यांना कुठे पाणी तुंबतं हे नेमकं माहीत असतं, संयुक्त पाहणीला त्यांना सोबत घ्या.

उड्डाणपुलाचे प्रश्न वेगळे आहेत. वाहनं वरून जातात, पण पायी चालणारा, सायकलवाला, बैलगाडीवाला आणि म्हशी नेणारा यांना लांबचा चढ परवडत नाही. फाटक बंद झाल्यावर हीच माणसं रूळ ओलांडू लागतात आणि मरतात. म्हणून उड्डाणपुलाच्या प्रस्तावातच खाली पादचाऱ्यांसाठी लहान भुयारी मार्ग किंवा जिन्यासह उतार मागा. पूल झाल्यावर ही मागणी करायला गेलात तर ती नवीन काम म्हणून पुन्हा पहिल्या पायरीवर जाते.

फाटक बंद करण्याच्या संमतीपूर्वी

पुलासाठी राज्याकडून फाटक बंदीचं हमीपत्र लागतंच, त्यात गैर काही नाही. फाटक आणि पूल दोन्ही ठेवले तर धोका आणि गेटमनचा खर्च दोन्ही राहतात. पण कधीकधी पुलाशिवायच, जवळच्या फाटकाकडे रस्ता वळवून एखादं फाटक बंद करण्याचा प्रस्ताव येतो. त्यासाठी जिल्हा प्रशासनाची संमती घेतली जाते, आणि जिल्हाधिकारी कार्यालयातून ग्रामपंचायतीचं मत मागवतात. हे मत तुम्ही ग्रामसभेत चर्चा करूनच द्या. ठरावात वळणरस्त्याची लांबी, तो कोण बांधणार, बारमाही असेल का, आणि तो पूर्ण होऊन वापरात आल्याशिवाय फाटक बंद होणार नाही, ही अट शब्दशः लिहून घ्या. 'आमची हरकत नाही' एवढ्या तीन शब्दांवर गावाची वाट गेल्याची उदाहरणं आहेत.

पूल होईपर्यंत काय मागाल

ब्रॉडगेज मार्गांवरची सगळी मानवरहित फाटकं ३१ जानेवारी २०१९ पर्यंत काढून टाकली गेली. त्यामागे मोठी किंमत मोजली गेली होती. जुलै २०१४ मध्ये तेलंगणातल्या मासाईपेटला नांदेडहून सिकंदराबादला जाणाऱ्या पॅसेंजरने शाळेच्या बसला धडक दिली, एप्रिल २०१८ मध्ये कुशीनगरला शाळेच्या व्हॅनमधली १३ मुलं गेली. पण गेटमन असला म्हणजे सगळं झालं असंही नाही. ८ जुलै २०२५ रोजी तमिळनाडूत कडलूरजवळच्या सेम्मनकुप्पमला गेटमन असलेल्या फाटकावर शाळेच्या व्हॅनला गाडीची धडक बसली आणि मुलांचे जीव गेले. ते फाटक सिग्नलशी जोडलेलं नव्हतं.

हाच तुमच्या चौकशीचा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. सिग्नलशी जोडलेल्या, म्हणजे इंटरलॉकिंग असलेल्या फाटकावर दांडी खाली येऊन कुलूपबंद झाल्याशिवाय गाडीला हिरवा सिग्नल मिळतच नाही. जोडणी नसलेल्या फाटकावर स्टेशन मास्तरचा फोन आणि गेटमनची जागरूकता एवढ्यावरच सगळं अवलंबून असतं. तुमचं फाटक कोणत्या प्रकारचं आहे ते विचारा. जोडणी नसेल तर पुलाच्या आधी इंटरलॉकिंग मागा. त्याचा खर्च रेल्वेचा, जमीन लागत नाही, राज्याची संमती लागत नाही. कडलूरच्या अपघातानंतर रेल्वेमंत्र्यांनी फाटकांवर सीसीटीव्ही लावण्याचे आणि इंटरलॉकिंगचं काम वेगाने करण्याचे आदेश दिले होते, त्यांचा हवाला अर्जात द्या.

रेल्वेकडे मागायच्या इतर गोष्टी: मोडलेल्या दांडीच्या जागी वापरायचं सरकतं फाटक, रुळांमधला सपाट पृष्ठभाग, गेटवर रात्री पुरेसा उजेड. रस्त्याच्या यंत्रणेकडे मागायच्या: दोन्ही बाजूंना गतिरोधक, इशारा फलक, वाढलेल्या बाभळी तोडणं, उतारावरचे खड्डे बुजवणं. सीमारेषा साधी आहे: रेल्वेच्या हद्दीतला रस्ता रेल्वेने सांभाळायचा, त्यापलीकडचा रस्ता ज्याचा त्याने. या छोट्या कामांसाठी जिल्हा रस्ता सुरक्षा समितीत विषय नेणं सर्वांत फायद्याचं ठरतं, कारण तिथे पोलीस, परिवहन आणि बांधकाम हे तिन्ही विभाग एका टेबलावर असतात. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या लोकशाही दिनातही अर्ज देता येतो. गेटची तातडीची तक्रार असेल तर १३९ या क्रमांकावर रेल मदतकडे नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. वैतागून बंद फाटक उघडायला गेटमनवर दबाव आणू नका. बंद फाटक उघडणाऱ्याला रेल्वे अधिनियमाच्या कलम १६० नुसार तीन वर्षांपर्यंत आणि ते तोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि असा एक गुन्हा नोंदला गेला की गावाच्या मागणीची बाजू दुबळी होते. फाटक फार वेळ बंद राहत असेल तर गेट रजिस्टरमधल्या नोंदी मागवा.

शेतकऱ्यांसाठी दोन मुदती

नवीन रेल्वेमार्गामुळे शेत दुभागलं असेल, जसं अहिल्यानगर-बीड-परळी किंवा वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गावर होतंय, तर रेल्वे अधिनियमाच्या कलम १६ खाली ये-जा आणि पाण्यासाठी वाट, मोरी, पूल करून देणं रेल्वेवर बंधनकारक आहे. पण त्या मार्गावर गाड्या सुरू झाल्यापासून दहा वर्षं उलटल्यावर मागितलेलं जादा काम रेल्वेने स्वतःच्या खर्चाने करायलाच हवं असं राहत नाही. त्यानंतर ते कलम १७ खाली तुमच्या खर्चाने करावं लागतं. तसंच वाटेऐवजी पैसे स्वीकारले असतील तर वाट मागता येत नाही. मोबदल्याच्या कागदांवर सही करताना अशी ओळ कुठे आहे का, ते वाचून घ्या.

पुलाच्या पोचमार्गासाठी जमीन जात असेल, तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालची प्राथमिक अधिसूचना निघाल्यापासून साठ दिवसांत हरकत नोंदवता येते. थेट खरेदीचा प्रस्ताव आला तर पैसे लवकर हाती येतात, मात्र खरेदीखत झाल्यावर वाढीव मोबदल्यासाठी प्राधिकरणाकडे जाण्याचा मार्ग राहत नाही. दर मान्य नसेल तर सही करू नका, वकिलाचा सल्ला घ्या.

माहिती अधिकारात नेमकं काय विचाराल

एक अर्ज रेल्वेच्या मंडल कार्यालयातल्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे, दुसरा बांधकाम विभागाच्या कार्यकारी अभियंत्याच्या कार्यालयातल्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे. शुल्क प्रत्येकी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ. राज्याच्या नियमांनुसार बांधकाम विभागाकडचा अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, तेव्हा प्रस्तावना न लिहिता थेट मुद्द्यांवर या.

रेल्वेला:

- फाटक क्रमांक अमुकच्या शेवटच्या दोन वाहतूक गणनांच्या तारखा, गाड्यांची संख्या आणि टीव्हीयू.
- फाटक सिग्नलशी जोडलेलं आहे का? नसल्यास जोडण्याचा प्रस्ताव कोणत्या टप्प्यावर आहे?
- पूल किंवा भुयारी मार्गाचा प्रस्ताव, जीएडीची प्रत, आणि खर्चवाटपाचं लागू परिपत्रक.
- मागच्या तीन वर्षांची तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च.

बांधकाम विभागाला:

- रस्त्याचा प्रकार आणि क्रमांक.
- रेल्वेला दिलेलं संमतीपत्र आणि फाटक बंदीचं हमीपत्र यांच्या प्रती, तारखांसह.
- पोचमार्गाची प्रशासकीय मान्यता, तरतूद आणि भूसंपादनाची सद्यस्थिती.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा अपुरं आलं, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा. दोन्ही उत्तरं हातात आली की ती समोरासमोर ठेवा. रेल्वेने राज्याची संमती आली नाही असं लिहिलं असेल आणि बांधकाम विभागाने संमतीपत्राची प्रत तारखेसह दिली असेल, तर ती प्रत घेऊन मंडल कार्यालयातल्या वरिष्ठ मंडल अभियंत्यांची भेट मागा. सोबत ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा ठराव न्या आणि भेटीचं इतिवृत्त लेखी मागून घ्या.